सगुणेचं पांढरं गाडगं

फार फार वर्षांपूर्वी, खैरवाडीच्या माळावर अजून खैराची झाडं होती, तेव्हा गावात सगुणा नावाची कुंभारीण राहत होती. जिभेला तिखट, हाताला मऊ. तिचं गाडगं कधी गळलं नाही, असं म्हणतात.

त्या काळी गावाची एक खुळी समजूत होती. अवसेला जन्मलेलं मूल चंद्रासारखं झिजत जातं, म्हणून त्याचं बारसं करायचं नाही. आणि नेमकी अवसेलाच पारूला मुलगी झाली. पारूची आधीची दोन लेकरं गेलेली. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि दोन दिवस मुलीला जवळ घेतलं नाही. बाया शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजत होत्या, पण मुलगी सुकत चालली होती.

सगुणा भेटायला गेली, तेव्हा पारू म्हणाली, "जानाऱ्या लेकराला माया लावून काय करू, मावशी?"

सगुणेला राग आला आणि रडूही आलं. जन्मभर तिनं उन्हात गाडगी वाळवली होती. गोल गाडग्याची एकच बाजू उन्हात असते आणि दुसरी सावलीत, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. तिनं एका गाडग्याला चुना फासला, पारूला धरून अंगणात बसवलं आणि मुलगी तिच्या मांडीवर दिली. सूर्य मावळतीच्या टेकडीवर आला होता. गाडगं डोक्याच्या वर धरून सगुणा पारूभोवती फिरू लागली.

ती पारू आणि सूर्य यांच्यामध्ये उभी राहिली, तेव्हा गाडगं काळं दिसलं. "ही तुझी अवस," सगुणा म्हणाली. थोडी सरकली, तशी कडेला पांढरी कोर उमटली. बाजूला आली, तसं अर्धं गाडगं उजळलं. ती पाठीमागे गेली आणि पारूनं वळून बघितलं, तर गाडगं पुरं पांढरं. पुढे फिरली तसं पुन्हा अर्धं, पुन्हा कोर, पुन्हा काळं. ही फेरी पुरी होईपर्यंत सूर्य टेकडीवर टेकून राहिला होता, असं म्हणतात.

"बोल, माझं गाडगं कुठं झिजलं?"

"न्हाई झिजलं."

"चंद्रबी असाच आपल्याभवती फिरतो. अवसेला त्याचं उजळ अंग सूर्याकडं आन् पाठ आपल्याकडं. तू भिंतीकडं तोंड केलंस, म्हून मेलीस व्हय गं?"

सूर्य बुडाला. टेकडीवर बिजेची कोर दिसू लागली, आणि त्या कोरीच्या कुशीत उरलेला चंद्र. अंधुक, राखाडी, पण गोल. पारू बघतच राहिली.

"अख्खा हाय की गं मावशी," ती म्हणाली, आणि रडत रडत तिनं मुलीला पदराखाली घेतलं. मुलगी चुटूचुटू प्यायला लागली.

बाराव्या दिवशी बारसं झालं. नाव पारूनंच ठेवलं, अवसाई. ही अवसाई पणतवंडं खेळवून मग गेली. सगुणा मात्र एका बिजेला माळावर गेली ती परत आली नाही. कोरीतला अंधुक गोल दिसतो ना, ते तिचं गाडगं, असं म्हणतात.

आजही खैरवाडीत बारसं सूर्य मावळताना करतात. बाळंतीण मूल मांडीवर घेऊन अंगणात बसते. गावातली सगळ्यात म्हातारी बाई चुन्याचं गाडगं उंच धरून तिच्याभोवती फेरी घालते. गाडगं काळं दिसतं तिथे ती थांबते, आणि तेव्हाच आई बाळाच्या कानात नाव सांगते.