पहिला घास

"...मग त्याला मठाच्या गादीवर कधी बसवायचं, बुवा?"

टेकडीवरच्या मठात भिकोबाबुवा मेथी निवडत होते. समोर सिद्राम, बारा वर्षांचा जुना शिष्य. त्याच्या मांडीवर नवा भगवा शेला होता. धाकट्या भावासाठी आणलेला.

"मलकूला? ते कशासाठी?"

"पोहोचलाय तो. झोप सोडली, अन्न सोडलं, दोस्त सोडले. अंघोळीचंही भान नाही. एकटाच बोलतो, हसतो. लोक पाया पडायला येतात." सिद्राम जरा ताठ झाला. "आम्ही बारा वर्षं डोळे मिटून बसलो, आम्हाला डास ऐकू आले. त्याला सहा महिन्यांत आवाज ऐकू येतात."

बुवा हसले.

"काय म्हणतात आवाज?"

सिद्राम शेल्याची घडी नीट करू लागला.

"सांग की."

"शिव्या देतात. म्हणतात, आईनं भाकरीत विष घातलंय."

बुवांनी मेथी बाजूला सारली. उठून सिद्रामच्या मागे जाऊन बसले.

"रोजची आरती म्हण."

सिद्रामनं सुरुवात केली. बुवा त्याच्या कानाशी पुटपुटू लागले. नालायक आहेस. सगळे तुलाच हसताहेत. पाणी पिऊ नको. मागं बघ, कोण उभंय...

दुसऱ्या ओळीला सिद्राम अडखळला. पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. पुन्हा तिथंच अडखळला.

"थांबा ना, बुवा. काही सुचेना."

"मी थांबलो."

...

सिद्राम शेल्याकडं बघत राहिला.

"माझी थोरली बहीण अशीच होती," बुवा म्हणाले. "गावानं देवी केली तिची. आम्हीही हार घालत राहिलो. दवाखान्यात नेलं तोवर फार उशीर झाला होता. डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणाले. मलकूला तेच आहे की दुसरं काही, ते डॉक्टर बघतील. औषध असतं त्याला."

"त्याला कसं समजावू? विष नाही म्हटलं की दार लावून घेतो."

"मग म्हणू नको. भीती वाटते का, ते विचार."

सिद्रामनं मान खाली घातली. हे त्यानं कधीच विचारलं नव्हतं.

बुवांनी खुंटीवरची पिशवी काढली.

"सकाळच्या एसटीनं तिघं जाऊ. भाकरी बांधून घे. पहिला घास मी खाईन."

"आणि त्यानं नाहीच खाल्लं तर?"

"तर दुसराही मीच खाईन. वाट लांब आहे."