कोपऱ्यावरची मल्लव्वा

कोष्टी गल्लीतल्या पोरापोरींनी भिंतींवर गल्लीतलीच माणसं रंगवली आणि ती बघायला बाहेरगावचे लोक येऊ लागले. तसे नगरसेवक दाजीसाहेबही रोज येऊन खोड काढू लागले. रंगवणारी अंबिका अगदी कावून गेली होती.

"कोपऱ्यावरची ही म्हातारी कोण?" आज त्यांनी विचारलं.

"मल्लव्वा सुईण. अर्धी गल्ली तिच्या हातावर जन्मली."

"पुसून टाक. तिथं माझं चित्र काढ. नाहीतर उद्या सगळ्या भिंतींना चुना फासतो."

अंबिकानं ब्रश खाली ठेवला. "काढते, दाजीसाहेब. पण समोर पानाची टपरी आहे. ह्या कोपऱ्यावर सगळे थुंकायचे. देवांच्या फरशा लावल्या, तरी थुंकायचे. मल्लव्वा काढली आणि थांबले. जिनं आईच्याही आधी आपल्याला हातात घेतलं, तिच्या तोंडावर कोण थुंकेल? तुमचं चित्र मी झकास काढते. लोक तोंड आवरतील, एवढी हमी तुम्ही द्या."

टपरीवरच्या माणसांचं पान चघळणं थांबलं. दाजीसाहेबांनी त्यांच्या भरलेल्या गालांवरून एकवार नजर फिरवली.

"म्हातारीच राहू दे," ते म्हणाले, "चांगली जमलीय."