दुमिंगाबायचा एकच प्रश्न

वसईकडच्या एका गावात दुमिंगाबाय नावाची म्हातारी सुईण होती. निम्म्या गावाची नाळ तिनेच कापलेली. एका रविवारी ती लग्नाविना आई झालेल्या सेलिनला आणि तिच्या तान्ह्या बाळाला घेऊन बाप्तिस्म्यासाठी चर्चमध्ये आली. तेवढ्यात गावातले बडे प्रस्थ इनासशेठ आडवे आले.

“फादर, हे पापाचं पोर आहे. देव न्यायी आहे. त्याच्या दारात असलं काही चालायचं नाही!”

नवखे फादर गोंधळून एकदा शेठकडे, एकदा बाळाकडे पाहू लागले. सेलिन खाली मान घालून परत निघाली, तसं दुमिंगाबायने तिचं मनगट घट्ट धरलं.

“शेठ, मी अडाणी बाई. एवढंच सांगा, तुमचा बाप्तिस्मा कशासाठी केला होता?”

“आदिपाप धुवायला! आदामापासून प्रत्येक माणूस पाप घेऊनच जन्माला येतो. एवढंही ठाऊक नाही?”

“म्हणजे तुम्हीही?”

“सगळेच!” शेठ तोऱ्यात म्हणाले.

“मग हे बाळ पापी असेल, तर हे पाणी त्याच्याचसाठी आहे. आणि पापी नसेल, तर तुमची तक्रार कसली? न्यायी देवाने तुम्हाला आत घेतलं, आणि त्याच पापासाठी याला बाहेर ठेवायचं, हा न्याय देवाचा की तुमचा?”

बाकांवरून हसू फुटलं.

फादरांनी बाह्या सावरल्या. “आणा बाळाला. नाव काय ठेवायचं?”

“सायमन,” सेलिन म्हणाली. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.