रणकेतूच्या दारचे पाहुणे

एका राज्यात राजा थकलेला होता, राजपुत्र रणकेतू उनाड होता आणि त्याने घातलेले घोळ निस्तरणे थोरल्या राजकन्येच्या, कनकप्रभेच्या, कपाळी आले होते. एके दिवशी साळुंकीने येऊन सांगितले, "राजकन्ये, तुझा भाऊ श्वेतकड्यात दगड होतो आहे. गळ्यापर्यंत झाला. सूर्य मावळला की पुरता होईल."

"आता काय करून ठेवलंय त्याने?" म्हणत कनकप्रभा घोड्यावर बसली.

श्वेतकडा हे नदीकाठचे पुरातन गाव, चुनखडीच्या उभ्या कड्यात कोरलेले. एका घराचे छप्पर ते वरच्याचे अंगण. रणकेतू तिथे हिंडायला गेला आणि एका रिकाम्या घराच्या दारावर त्याने हौसेने आपले नाव कोरले. त्या गावी दारावर ज्याचे नाव तो घरधनी, आणि घरधन्याने पाहुण्याला पाणी दिले नाही, तर कडा त्याला आपल्यात ओढून घेई.

"तीन पाहुणे तहानलेले परत गेले," गावची एक म्हातारी तिथे पोहोचलेल्या कनकप्रभेला म्हणाली. "ते पुन्हा येतील. त्यांना पाणी मिळाले तर शाप सुटेल."

कनकप्रभेने कपाळावर हात मारला आणि घागर घेऊन ती नदीवर उतरली.

पहिला आला बगळा. पिऊन म्हणाला, "गढूळ आहे." दुसरा मांत्रिक. त्याने अर्धी घागर पायांवरच ओतून घेतली. पुन्हा पुन्हा नदीवर उतरून कनकप्रभेच्या पायांत गोळे आले.

"अक्का, नाकावर माशी बसली आहे," दाराशी गळ्यापर्यंत दगड झालेला रणकेतू म्हणाला.

"बसू दे!"

तिसरी आली खुद्द नदी, ओल्या लुगड्यातली बाई होऊन.

"तुला कशाला गं पाणी?" कनकप्रभा कडाडली.

"दारी आले म्हणून. पण तुझ्या हातचे नको. घरधन्याच्या हातचे हवे."

सूर्य टेकला होता. रणकेतूचे ओठ दगड झाले. उरले फक्त डोळे, आणि ते घाबरून तिच्याकडे पाहत होते.

"जन्मभर याचंच निस्तरते आहे मी!" म्हणता म्हणता तिला रडू फुटले. तिने घागर त्याच्या गार दगडी हातावर टेकवली, तो हात आपल्या हातात घट्ट धरला आणि दोघांच्या हातांनी मिळून घागर कलती केली. नदी ओंजळ लावून पोटभर प्याली.

दारावरचे नाव पुसले गेले. कड्याने राजपुत्राला सोडले.

"अक्का, किती उशीर केलास!" रणकेतू म्हणाला.

एक ठेवून द्यावी म्हणून तिने हात उचलू पाहिला. पण तो त्याने अजून सोडला नव्हता.