तानूबाईची गाय आणि पोरकं शिंगरू

ऐक वसुबारसे, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं. नगराच्या वेशीबाहेर एका शिलेदाराचं चिमुकलं कुरण होतं. तिथं त्याच्या घोड्या चरत, नि कडेला एक दुभती गाय चरे. गाय शिलेदारणीची, तानूबाईची, माहेरून आणलेली. गाईला अंतर द्यायचं नाही, नि वसुबारसेला दूध काढायचं नाही, सगळं वासराला पाजायचं, असा तानूबाईचा वसा होता.

मग काय झालं? त्या साली गवत बेताचंच आलं. शिलेदाराला घोड्यांचं भारी कौतुक. घोडी शिंकली तर ह्याच्या घशाखाली घास उतरेना, गाय हंबरली तर ह्याला ऐकूच येईना! तो म्हणाला, “घोड्यांवर आपली भाकर आहे. गाय विकूं. बारशीच्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येतंय.”

तानूबाई म्हणाली, “तुमच्या कुरणातली काडी नको मला. गाईचं मी बघते. पण ती दावणीवरून हलायची नाही.”

मग ती ओढ्याकाठी गेली, भारा आणला. बांधावर गेली, भारा आणला. काट्याकुट्यांच्या माळावर गेली, हात रक्ताळले, तरी भारा आणला. शिलेदार म्हणे, “हट्ट सोड.” ती म्हणे, “हट्ट नव्हे, वसा आहे.”

मग बारस तोंडावर आली, नि लाडकी घोडी पोटशूळानं मेली. मागं दूधपितं शिंगरू राहिलं; बाकी घोड्या दुभत्या नव्हत्या. गाय विकायला काढलेली, तिचं दूध मागायला शिलेदाराला तोंड नव्हतं. त्यानं शिंगराला पेज दिली, प्यालं नाही. ताक दिलं, प्यालं नाही. गूळपाणी दिलं, तेही प्यालं नाही. बारशीच्या सकाळी त्यानं मान टाकली. शिलेदार चरवी घेऊन गोठ्यात आला. “तानू, दूध काढ गं. शिंगरू हातचं जातंय.”

तानूबाई वसा मोडेना. म्हणाली, “आज चरवीत थेंब पडायचा नाही. शिंगराला इथं उचलून आणा.”

“अगं, वसा वासराचा. हे तर घोडीचं!”

“पोरक्याला जात कसली? आज ते माझ्या गाईचं वासरूच.”

मग तिनं आधी वासराला पोटभर पाजलं. मग शिंगराला कासेला लावलं. गाईनं लाथ झाडली. पुन्हा लावलं, गाईनं शिंगं उगारली. तानूबाईनं गाईच्या गळ्यात हात टाकले. म्हणाली, “बाई, तुझ्यासाठी मी हटले नाही. आता तू हटूं नकोस.” तिसऱ्यांदा लावलं. गाईनं शिंगराला हुंगलं, चाटलं, नि पान्हा सोडला. शिलेदार तिथंच शेणात बसून रडला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दावं घेऊन आलं. शिलेदार कुरणातून भारा घेऊन येत होता, तो गोठ्याच्या दारात आडवा उभा राहिला. “कोणती गाय?” म्हणाला. “ही माझ्या शिंगराची आई आहे. आईचा सौदा होत नाही.” नि भारा आधी गाईपुढं टाकला, मग घोड्यांकडे गेला.

जशी वसुबारस तानूबाईला पावली, तशी बायांनो, तुम्हां आम्हां पावो. गोठे भरोत, कुणाचं लेकरू उपाशी न राहो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरीं सांगितली, ऐकणारीच्या घरी सुफळ होवो, संपूर्ण होवो.