भोपळ्याची भाजी आणि पुलाची जागा

“पण बाबा, पूल नेमका कुठे बांधायचा?”

डॉ. वामनराव खासनीसांनी हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा चांदगीरबाबा मठाच्या ओट्यावर बसून बाजेचा सुंभ आवळत होते.

“कोणासाठी?” बाबांनी विचारलं.

“पुढच्या पन्नास वर्षांसाठी.”

“म्हणजे तुम्ही आणि मी सोडून.”

खासनीसांना हसू आलं नाही. गेले कित्येक दिवस त्यांना कशाचंच हसू येत नव्हतं.

परदेशात जाऊन त्यांनी वाहतूक नियोजनात डॉक्टरेट केली होती. निवृत्तीनंतर सरकारने त्यांना बोलावून या खोऱ्याच्या रस्त्यांचा आणि पुलांचा पन्नास वर्षांचा आराखडा करायला सांगितला होता. सगळं जमलं. अडलं ते एका पुलापाशी. मठाच्या पायथ्याशी नदी. पावसाळ्यात होडी बंद पडली की बाळंतपणात अडलेली बाईसुद्धा पाणी उतरायची वाट बघत बसायची. पूल एकच होणार होता, वरच्या घाटाला किंवा खालच्या. जागा चुकली, तर निम्म्या गावांना जन्मभर वळसा. आणि अहवाल उद्या सकाळी सचिवांच्या टेबलावर हवा होता.

“लोकांना विचारलंत?” बाबा म्हणाले.

खासनीसांची पाठ ताठ झाली. अभिमान वाटावा असं त्यांच्याजवळ एवढं एकच शिल्लक होतं.

“विचारलं तर. पूर्वी नकाशावर पट्टी ठेवून पूल व्हायचे, आम्ही तसं केलं नाही. गावोगाव सभा घेतल्या. विद्यार्थी घरोघर पाठवले. प्रश्नावली मी स्वतः केली.”

“मग काय म्हणाले लोक?”

पाठ पुन्हा वाकली.

“वरच्या घाटाला पूल झाला तर... चालेल म्हणाले.”

“बरं.”

“खालच्या घाटाला झाला तर... चालेल म्हणाले.”

“समजूतदार आहेत.”

“झालाच नाही तर काय, असाही एक प्रश्न होता.”

“त्याला?”

“तेही चालेल म्हणाले.”

बाबांना ठसका लागला. तो बराच वेळ चालला.

“शेवटी सूचनांसाठी जागा सोडली होती,” खासनीस पडेल आवाजात म्हणाले. “तिथे सगळ्यांनी एकच लिहिलंय. बाबा सांगतील तिथे. म्हणून आलो. एक शब्द बोला, बाबा. वरचा की खालचा. तसं लिहून मी मोकळा होतो.”

बाबांनी सुंभाची गाठ मारली.

“आधी जेवून घ्या.”

पंगत ओसरीत बसली. मठात स्वयंपाकाला पारूबाई होती, खालच्या अंगाच्या गावातली. तिने पान वाढलं. भोपळ्याची भाजी. भोपळ्याचं भरीत. शेजारी भोपळ्याचे घारगे.

भोपळा त्यांना लहानपणापासून सोसत नसे. त्यांच्या आईने लग्न ठरवतानाच मुलीकडच्यांना तशी कल्पना दिली होती.

“भाजी कशी झाली, साहेब?” पारूबाई पळी घेऊन समोर उभी.

“उत्तम. फारच छान.”

पारूबाईने आणखी पळीभर वाढली. खासनीसांनी ती औषधासारखी पाण्याबरोबर गिळली.

“घारगा?”

“चालेल,” खासनीस म्हणाले.

बाबांचा घास हातातच थांबला.  पारूबाई आत गेल्यावर ते खासनीसांकडे कलले.

“आवडतो भोपळा?”

खासनीसांनी आधी दाराकडे पाहिलं. “नाही.”

“कधीपासून?”

“जन्मापासून.”

“मग उत्तम का म्हणालात?”

“त्या समोर उभ्या होत्या, बाबा. हातात पळी. एवढं मायेने केलेलं...”

“हं.” बाबांनी भात कालवला. “तुमचे विद्यार्थी घरोघर गेले, त्यांना लोकांनी चहा पाजला?”

“सगळीकडे. दोघांची तर पोटं बिघडली.”

“उन्हातून आलेली पोरं. दमलेली. हातात कागद घेऊन दारात उभी...”

खासनीसांचा हात पानावर तसाच राहिला. 



“मलाही आवडत नाही,” बाबा हळूच म्हणाले.

“काय?”

“भोपळा.” बाबांनी आवाज आणखी उतरवला. “मी इथे नवा होतो. एका म्हातारीने भाजी आणली. तोंडावर काय बोलायचं? म्हणालो, छान झालीय, माय. एवढं एकच वाक्य. त्याला आता तीसेक वर्षं होतील. ते बघा.”

बाबांनी हनुवटीने नदीकाठ दाखवला. येताना खासनीसांना तो नुसताच हिरवागार वाटला होता. आता नीट पाहिलं तर काठभर वेल पसरले होते.

“हा सगळा भोपळा?”

“सगळा. आधी इथे हरभरा व्हायचा. मग मठासाठी वेल लावले. वेलांना पाणी हवं, म्हणून पाट काढला. माल ठेवायला कोठी बांधली. कोठीपर्यंत गाडी यावी म्हणून रस्ता केला. तुम्ही आलात तोच.” बाबांनी सुस्कारा सोडला. “नियोजन चांगलं आहे. पुढच्या पिढीचाही विचार केलाय.”

“आणि आपण कधी बोलला नाहीत?”

“आता कोणत्या तोंडाने बोलू? गेल्या वर्षीच कोठीवर नवे पत्रे घातलेत.”

खासनीसांनी कपाळावरचा घाम पुसला. “म्हणजे माझा अख्खा अहवाल असाच ‘चालेल’वर उभा... ही कोठीच की, बाबा. मग मी आता करू काय?”

बाबांनी आतल्या दाराकडे हाक दिली.

“पारूबाई, साहेबांना भाजी वाढ.”

पारूबाई पातेलं घेऊन आली. खासनीसांनी बाबांकडे पाहिलं. बाबा नदीकडे बघत होते, जणू या पंगतीशी त्यांचा काही संबंध नव्हता.

पळी खाली येऊ लागली.

खासनीस आयुष्यात अनेक बैठकांना बसले होते. कुणाच्या तोंडावर नाही म्हणाल्याचं त्यांना आठवत नव्हतं. नकार द्यायचा तर ते पत्र लिहीत, आणि तेही फाडून टाकत.

त्यांनी पानावर पालथा हात धरला.

“नको. पारूबाई, मला भोपळा आवडत नाही. मघाशी खोटं बोललो. राग मानू नका.”

पळीतला रस्सा त्यांच्या मनगटावर सांडला. तो पुसायचंही कुणाला सुचलं नाही. खांबाशी जेवत बसलेला हरबा, वरच्या अंगाच्या गावचा, चावायचा थांबला.

“मंग आधीच सांगायचं की, साहेब,” पारूबाई म्हणाली. “बळंच कशापायी गिळलं?”

तिने पातेलं खाली ठेवलं आणि शेजारी बसकण मारली.

“मला तरी कुठं आवडतो. बाबांसाठी रांधते.”

“आन् मी काय हौसेनं खातो व्हय?” हरबा खांबाशेजारून म्हणाला.

तिघंही बाबांकडे बघू लागले.

“बाबा,” पारूबाई म्हणाली, “तुमाला तर आवडतो ना?”

बाबांनी कोठीच्या नव्या पत्र्यांकडे पाहिलं...

“मला... चालतो.”

“म्हंजे न्हाई आवडत,” पारूबाई म्हणाली.

 आत्ता नाही विचारलं तर पुन्हा धीर होणार नाही, हे खासनीसांना कळत होतं.

“पारूबाई, पूल वरच्या घाटाला केला तर चालेल?”

“न्हाई चालणार.” तिने श्वासही घेतला नाही. “माझी लेक पल्याड दिलीया. वरच्या घाटानं वळसा घालून गेलं तर दिवस मोडतो. पूल खालीच पायजे.”

“खाली?” हरबा उष्ट्या हाताने उठला. “पावसात तिथं बैल रुततो. पुलापर्यंत पोचायला आधी दुसरा पूल बांधा. वर पायजे, वर.”

“तुझं वावर वर हाय म्हून.”

“असंल. मंग?”

“मंग कागदावर चालेल कशाला लिवलंस?”

“पोरगं पुण्याहून आलेलं, घामानं भिजलेलं. त्याला काय दारातून न्हाई म्हणून घालवू? तू काय लिवलंस?”

“म्या बी चालेलच लिवलं. पोरगं गुणाचं हुतं.”

आवाज ऐकून वेलांतली माणसं ओसरीवर आली. प्रत्येकाने आपण चालेल का लिहिलं ते सांगितलं आणि लगेच काय चालणार नाही तेही सांगितलं. कुणी कोळशाने फरशीवर नदी काढली. दुसऱ्याने ती पायाने पुसून थोडी डावीकडे काढली. एकाने तर दोन्ही घाट सोडून तिसरीच जागा दाखवली, आणि सगळे मिळून त्याच्यावर तुटून पडले.

इतकी वाईट सभा खासनीसांनी कधी पाहिली नव्हती. ते हात धुऊन अंगणाच्या कोपऱ्यात गेले आणि त्यांनी सचिवांना फोन लावला.

“सर, अहवाल उद्या मिळणार नाही.”

...

“नाही, तब्येत बरी आहे. लोकांना विचारायचं राहिलंय.”

...

“हो, विचारलं होतं. पण तेव्हा आम्ही पाहुणे होतो, सर.”

...

“पावसाळा जाऊ दे. दोन्ही घाट पुरात बघायचेत. नुसतं बोलून भागणार नाही.”

...

“दुसऱ्या कुणाला नेमणार? नेमा. तोपर्यंत मी इथेच आहे.”

त्यांनी फोन खिशात ठेवला. बाबा ओट्यावर परत आले होते; खासनीस त्यांच्या बाजेवर येऊन टेकले. सुंभ चांगला आवळला गेला होता. ओसरीत हरबा आणि पारूबाई नदी पुन्हा पहिल्यापासून काढत होते.

“बाबा, तुम्ही आधीच एक शब्द बोलला असतात, तर माझं हे काम वाचलं असतं.”

बाबांनी सुंभाचं उरलेलं टोक बाजेखाली खोचलं.

“आता तरी सांगा. अहवालासाठी नाही, मला म्हणून. तुम्हाला पूल कुठे हवाय?”

पलीकडच्या काठावरून होडी सुटली होती. ती नदीच्या मध्यावर येईपर्यंत बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून ओसरीकडे एक नजर टाकली आणि खासनीसांच्या कानाशी वाकले.

“मला होडी आवडते... हळू बोला. त्यांना ऐकू जाईल.”