नदीपलीकडचा पहिला वाडगा

किर्गिझ डोंगरांतल्या अक्-तेरेक गावात नूरुझची, म्हणजे वसंतातल्या नववर्षाची, कढई गावात चढत नाही. ती नदीकाठी, उघड्या खडकावर चढते. पाहुण्यांनी कारण विचारलं, की म्हातारे तुरदूबेक टोपी सारखी करतात आणि बुरुलची गोष्ट सांगू लागतात.

एका वर्षी म्हणे बर्फ वितळलंच नाही. गवतावर बर्फाचा कडक थर बसला, मेंढ्या खुरं आपटून आपटून मेल्या. बुरुल नावाच्या विधवेकडे तेवढं गव्हाचं एक पोतं उरलं होतं. सण मोडू नये म्हणून तिने त्याला मोड आणले आणि साऱ्या गावासाठी सुमोलोक, म्हणजे त्या मोडांची गोड खीर, शिजायला ठेवली.

खीर आटत आली, तेव्हा पलीकडच्या गावचा एशिम कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला. पाठीवर त्याची लहान लेक होती. आदल्या शरदात कुरणाच्या भांडणात याच एशिमने बुरुलच्या एकुलत्या एका मुलाला, मेदेतला, ठार मारलं होतं.

पुरुषांनी सुरे उपसले. एशिम गुडघ्यांवर बसला.

"माई, मला मारा. पण आधी हिला घासभर द्या."

बुरुलने खिरीतला डाव वर उचलला. कढईतली उकळती खीर त्याच्या अंगावर ओतावी, असंही तिच्या मनात आलं म्हणे. मग तिने पोरीकडे पाहिलं. पोरीचे ओठ काळेनिळे पडले होते.

"सुरे म्यान करा," ती म्हणाली. "सणाच्या चुलीपाशी आलेला पाहुणा असतो."

तिने पोरीला वाडगा भरून दिला. दुसरा भरला आणि एशिमसमोर ठेवला.

"मी तुला क्षमा केलेली नाही, करणारही नाही. खा. आणि तुझ्या गावाला सांग, भांडी घेऊन या."

दोन्ही गावं त्या एका कढईवर तगली. बुरुल पुढे पुष्कळ वर्षं जगली, पण एशिमशी पुन्हा एक शब्दही बोलली नाही. पहिला वाडगा मात्र दर नूरुझला तिनेच पलीकडे पाठवला.

म्हणून कढई आजही पलीकडून दिसेल अशी नदीकाठी चढते, आणि तो वाडगा नदी ओलांडतो. तो रिकामा होऊन परत येईपर्यंत अक्-तेरेकमध्ये कुणी चमचा उचलत नाही. कुणाची कितीही जुनी अदावत असो, त्या दिवशी ती मिटव असं कुणी कुणाला सांगत नाही. फक्त जेवायला बोलावतात.